वाळवंटातील रात्रीचा निवारा



मार्च १९५१ मध्ये आचार्य विनोबा भावे वर्ध्याकडून पायी निघाले आणि सर्वोदय संमेलनासाठी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस पोहोचले. पुढे १८ एप्रिलला पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ झाला, हे सर्वश्रुतच आहे. त्या वाटेवर ऊन कडक असले तरी दोन-चार कोसांवर गाव भेटे, आणि गाव म्हटले की देऊळ, चावडी, एखादा ओटा ओघानेच आला. दख्खनच्या वाटसरूला निवारा पाठीवर वाहावा लागत नाही. परंतु हैदराबादचा तरुण जेव्हा थरच्या वाळवंटात आठ-दहा दिवस पायी हिंडावयाचे ठरवितो, तेव्हा रात्री निजावे कशाखाली, हा प्रश्न त्यास घरीच सोडवावा लागतो.

वाळवंट म्हणजे उष्णता, ही आपली समजूत अर्धीच खरी. कोरड्या, निरभ्र हवेत वाळू दिवसाची ऊब भराभर आकाशात सोडून देते. जानेवारीत हैदराबादेची पहाट साधारण पंधरा अंशांची, तर जैसलमेरची त्याच्या निम्म्याची; चुरू येथे पारा शून्याखालीही उतरलेला आहे. म्हणून डोक्यावर पातळ का होईना, एक कापड हवे. ते अंगाची ऊब उघड्या आकाशात जाऊ देत नाही.

आता तंबू घ्यावा की ताडपत्री? येथे पाण्याचा हिशेब आधी मांडावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. दिवसाला पाच लिटर धरले आणि पुढील विहीर दोन दिवसांवर असली, तर दहा किलो पाणीच झाले. तीन किलोंचा तंबू म्हणजे अर्ध्या दिवसाहून अधिक पाणी. ज्याच्यापायी पाणी कमी घ्यावे लागते, त्याला निवारा कसे म्हणावे? हिवाळ्यात हलकी ताडपत्री, खाली जाड अंथरूण, उबदार झोपपिशवी आणि हातातली काठी खांबाला, एवढे पुरते. होळीनंतर मात्र रात्री उबदार होतात, फुरसे व विंचू बाहेर पडतात. तेव्हा तळ शिवलेली, चोहोबाजूंनी बंद होणारी जाळीची राहुटीच हवी, मग वजन थोडे वाढले तरी चालेल. बारीक वाळू जाळीतून आत येईल, पण विंचू येणार नाही.

वाळूत साधी मेख टिकत नाही. पिशवीत वाळू भरून ती हातभर खोल पुरावी व तणावा तिला बांधावा. टेकडीच्या माथ्यावर वारा झोडपतो आणि खोलगटात थंड हवा साचते. म्हणून उताराच्या मध्यावर, वाऱ्याच्या आडोशाला निजावे. कोरड्या नाल्यात मात्र कधीही नको. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास हे गाव पुराच्या पाण्याखाली गेले, तेही वाळवंटातच.

निघण्यापूर्वी एक रात्र स्वतःच्या गच्चीवर ही ताडपत्री बांधून काढावी. गच्चीत मेख ठोकता येत नाही. वाळूच्या पिशव्यांनाच तणावे बांधावे लागतात. अंधारात, वारा सुटला असता गाठ सुटते की टिकते, हे तेथे कळले तर जिना उतरून घरात जाता येते. वाळवंटात ती सोय नसते.