औटकी शाळेंतून कां गेली?

शाळेंत काय शिकवावें, हें शिक्षणखात्यानें ठरवावयाचें खरें. परंतु पुष्कळदां तो निर्णय आधींच बाजारपेठेंत झालेला असतो. महाराष्ट्रांतील अपूर्णांकांचे पाढे हें याचें बोलकें उदाहरण होय.

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि मणाचे ४० शेर होते, तोंवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी यांवांचून देवघेवीचें पान हालत नसे. अडीच आणे शेर भावाचा गूळ ७ शेर घ्यावयाचा झाला, तर अडीचकी पाठ असलेलें मूल साडेसतरा आणे, म्हणजे रुपया दीड आणा, असें पाटीला हात न लावतां सांगे.

१९५६ सालीं दशमान वजनामापांचा कायदा झाला; १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. दुकानांतून आणा व शेर गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ अभ्यासक्रमांतून हे पाढेहि ओसरले. दशांशचिन्हानें मुलांचें ओझें हलकें केलें, यांत संशय नाहीं.

तथापि सायंकाळीं परवचा म्हणतांना केवळ आंकडे पाठ होत नसत. कागदावांचून हिशेब करण्याची संवय मनाला जडे. शाळेचे तास वाढत नाहींत. म्हणून नवें घालावयाचें तर जुनें काढावेंच लागतें. मात्र काढतांना दोन प्रश्न निरनिराळे विचारले पाहिजेत. ही माहिती आतां कामाची आहे काय? आणि तिच्या निमित्तानें मुलाच्या अंगीं जो गुण येत होता, त्याची सोय आतां कोठें केली आहे? पहिल्याचें उत्तर बाजार देतो. दुसऱ्याचें शिक्षकानेंच द्यावयाचें असतें.