बोटं उलतात तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या जानेवारीतली गोष्ट. वसमतला आमच्या गल्लीपासून जवळच रेशनचं दुकान आहे. रांगेत माझ्यापुढे आमच्या शेजारच्या मावशी होत्या. वय पासष्टच्या पुढे. त्यांनी मशीनवर उजवा अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. डावा ठेवला, तोही नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट. दुकानदार वाईट माणूस नव्हता, पण मागं रांग होती. तो म्हणाला, “मावशी, हात चांगले धुऊन या.” मावशी बाजूच्या नळावर गेल्या, कपड्याच्या साबणाच्या वडीनं खसाखसा हात धुतले, पदराला पुसले आणि परत आल्या. मशीन पुन्हा नाही म्हणालं. तेव्हा मी त्यांची बोटं पाहिली. दोन्ही अंगठ्यांच्या नखांच्या कडेला चाकूनं कापावं तशा भेगा होत्या आणि एका भेगेत रक्त दिसत होतं. त्या भेगेत नुकताच साबण गेला होता. मावशींनी हूं की चूं केलं नव्हतं.

मी अडत दुकानात मुनीम आहे. मराठी घेऊन बी. ए. केलं, कविता लिहितो, आणि पोटासाठी हळदीच्या पट्ट्या लिहितो. त्यामुळे बोटांबद्दल बोलायचा माझा अधिकार डॉक्टरचा नाही, बोटं उललेल्या माणसाचा आहे.

आमच्या भागात याला उलणं म्हणतात. ओठ उलतात, टाचा उलतात, बोटं उलतात. कपाशीचं बोंडसुद्धा उलतं. या शब्दाचं मला फार कौतुक. एका कवितेत मी राबणाऱ्या हाताला उन्हाळ्यातल्या भेगाळ काळ्या रानाची उपमा दिली होती, मुशायऱ्यात टाळ्याही मिळाल्या होत्या. पुढे माझा स्वतःचा अंगठा उलला, तेव्हा ती उपमा मला लबाड वाटू लागली. रानाची भेग पाण्यानं बुजते. बोटाची भेग पाण्यानं वाढते.

असं का होतं, हे मला नांदेडच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितलं. आपल्या अंगावर बहुतेक ठिकाणी कातडीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय यांना त्या नाहीतच. तिथं घामाच्या ग्रंथी भरपूर, तेलाची एकही नाही. शिवाय बोटांच्या टोकांची वरची कातडी जाड असते. ही जाड कातडी लवचीक राहते ती तिच्यात मुरलेल्या पाण्यामुळे. आता आपण हात धुतो तेव्हा वाटतं की कातडीला पाणी मिळालं. पण ती फुगते, साबण तिचा उरलासुरला स्निग्धपणा काढून नेतो, आणि कोरड्या हवेत ते पाणी उडून जाताना आतला ओलावाही जातो. कातडी आखडते. जाड कातडी आखडली आणि त्याच वेळी बोट वाकलं, की ती तडकते. बोटाच्या टोकाला संवेदनेचे तंतू दाटीनं असतात, म्हणून तिळाएवढी भेग माणसाला रात्री जागं ठेवते. आणि बोट दिवसभर वाकतच असतं, म्हणून रात्रीत जुळत आलेली भेग सकाळी पहिला तांब्या उचलताना पुन्हा उघडते.

बाईंनी मला विचारलं, “दिवसातून हात किती वेळा धुता?” मी मोजायला लागलो. पाच वेळची वजू, जेवणं, आणि दुकानात हळदीचे नमुने हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबण. वर २०२० पासून सॅनिटायझरची सवय लागलेली. पंधरावर आकडा गेला. मी म्हटलं, नमाज तर सोडता येणार नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, “सोडा कोण म्हणतंय? वजूत साबण कुठे असतो? साबण कमी करा. कडक गरम पाणी नको. हात चोळून पुसू नका, टिपून घ्या आणि थोडी ओल असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, चिकट मलम लावा.” सगळा उपाय त्या दोन-तीन मिनिटांत आहे. कातडी कोरडी झाल्यावर लावलेलं मलम म्हणजे पाणी आटल्यावर विहिरीवर झाकण ठेवणं.

मलम कोणतं? आकाशवाणीवर कंपनीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मी पेट्रोलियम जेली म्हणतो. आमच्या बाजारात हे नाव सांगितलंत तर दुकानदार पेट्रोल पंपाकडे बोट दाखवील. पण ते तुम्हांला माहीत असलेलंच पारदर्शक, पिवळसर मलम. त्याचा जन्मही मजुरांच्या हातांवर झाला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल इथं १८५९ मध्ये तेलाची विहीर लागली. तिथल्या पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा चिकट गाळ साचायचा आणि कामगार तो कापल्याभाजल्यावर लावायचे. रॉबर्ट चेझब्रो नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञानं ते पाहिलं, गाळ शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. त्या मलमात औषध असं काही नाही. ते फक्त पाणी उडू देत नाही. भरून काढायचं काम कातडीच करते.

हे ऐकताना मला अम्मा आठवली. अम्मा दसऱ्यानंतर कापूस वेचायला जायची. उललेल्या बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांना सुईसारखी टोकं असतात, ती बोटांच्या पेरांत घुसायची. संक्रांतीनंतर हळद. खणलेल्या गड्ड्यांची माती हातानं झाडायची, मुळ्या तोडायच्या, हळकुंडं वेगळी करायची. कोरडी माती बोटांतला ओलावा शोषून घेते. घरी आल्यावर भांडी राखेनं घासायची. रात्री ती अत्ताराच्या दुकानातून आणलेलं मेण आणि चिमूटभर राळ करडईच्या तेलात वितळवायची. कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायची, मग ते मलम भेगांत भरून वरून जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची. मी विचारायचो, “अम्मा, दुखता क्या?” ती म्हणायची, “दुखता तो दुखता. तू अपना पढ.”

डॉक्टरबाईंनी मला रात्रीसाठी जे सांगितलं ते जवळजवळ हेच होतं. दहा मिनिटं कोमट पाणी, टिपून घेणं, मलमाचा जाड थर, वर सुती हातमोजा. फरक एवढाच की मी सलग तीन आठवडे ते केलं आणि दिवसाही बोटाला जप दिला. अम्माला रात्र मिळायची, दिवस मिळाला नाही. तिच्या भेगा होळीपर्यंत बुजल्याचं मला आठवत नाही.

आता हळदीबद्दल. वसमतमध्ये राहून हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे पंढरपुरात राहून वारीविरुद्ध बोलणं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि जखमेवर हळद ही तर आपली जुनी मालमत्ता. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरून काढण्याचं पेटंट मिळालं, तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं. त्या वेळी परिषदेचे प्रमुख होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा ग्रंथांतले ३२ संदर्भ पुढे ठेवले गेले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आजीच्या डब्यातली गोष्ट उर्दू पुस्तकाच्या साक्षीनं वाचली, याचा मला कवी म्हणून आणि माणूस म्हणून आनंद आहे.

तरीही सांगतो, उललेल्या बोटात कोरडी हळद भरू नका. मी भरली होती. भेग ही कापल्याची जखम नाही, ती कोरडेपणाची जखम आहे, आणि कोरडी पूड तिला आणखी कोरडं करते. आजी हळद तुपात किंवा तेलात कालवायची. भेगेच्या बाबतीत खरं काम त्या तुपाचं. मेंदीचंही तसंच. आमच्या बायका बोटांच्या टोकांना मेंदी लावतात, रंग सुरेख येतो, पण भेग मऊ होत नाही. बाजारातल्या काळ्या मेंदीत केसांच्या कलपातलं रसायन असतं, त्यानं उललेल्या कातडीवर फोड येऊ शकतात. काही तरुण पोरं भेग चिकटवायला झटपट चिकटणारा डिंक वापरतात. इस्पितळात जखमेसाठी त्या जातीचा वेगळा डिंक असतो, पण बाजारातली नळी लाकूड-प्लास्टिकसाठी आहे. कागदी चिकटपट्टी बोटाभोवती गुंडाळून भेगेच्या कडा जवळ ठेवा, बोट कमी वाकेल, भेग लवकर मिटेल. पट्टी असताना वजूचं कसं, असं मी मौलानांना विचारलं होतं. ओला हात पट्टीवरून फिरवला तरी पुरतो, म्हणाले. माझं ओझं उतरलं.

काही भेगा मात्र घरी बसून पाहण्याच्या नसतात. बोट सुजलं, लाल झालं, पू आला, किंवा तुम्हांला मधुमेह असेल तर डॉक्टरकडे जा. दोन्हीऐवजी एकाच हाताची कातडी सोलत असेल तर ती बुरशी असू शकते. लसूण सोलणाऱ्या बाईच्या ज्या हातात लसूण असतो त्याच हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं उलत असतील, तर लसणाकडे संशयानं पाहावं. आणि एक गोष्ट नीट ऐका. भेग दुखत असेल तर ते चांगलं लक्षण समजा. खोल भेग आहे आणि दुखत नाही, बोटाला गरम-थंड कळत नाही, असं असेल तर एक दिवसही थांबू नका. मज्जातंतूंना इजा होत असेल, कुष्ठरोगाची सुरुवातही असू शकेल. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि वेळेवर घेतले तर तो पूर्ण बरा होतो.

पुन्हा रेशनच्या रांगेकडे येतो. आधारचा पहिला क्रमांक २०१० मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून बोटाच्या टोकावरच्या रेघा ही माणसाची ओळख झाली. ज्यांचं काम हातानं चालतं त्यांच्याच रेघा आधी झिजतात, त्यांचीच बोटं आधी उलतात, आणि धान्याची गरजही त्यांनाच जास्त. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्राच्या अन्न विभागानं २०१७ मध्येच दिलेली आहे. डोळ्यांची खूण, मोबाइलवर येणारा आकडा असे दुसरे रस्तेही ठेवलेले आहेत. ते मागायचे असतात, हे मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं? मी नंतर विचारून घेतलं. त्या दिवशी मावशी रिकामी पिशवी घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात मलमाची डबी घेऊन गेलो. कसं लावायचं ते सांगितलं. पुढच्या वेळी रांगेत उभं राहण्याआधी अंगठा मिनिटभर ओल्या फडक्यात धरा, मग पुसून मशीनवर ठेवा, हेही सांगितलं. फार कोरडं बोट मशीनला वाचता येत नाही, आणि मलम माखलेलंही नाही.

फेब्रुवारीत मशीननं त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी घेतली. अंगठा अजून नाहीच. पिशवी भरून झाल्यावर त्या माझ्याजवळ थांबल्या.

“मुनीमभाऊ, उद्यापासून हळद वेचायला जायचंय. हे लावून मातीत हात घातला तर चालतं का?”

मी म्हटलं, “आत सुती मोजे घाला, वरून रबरी. आणि संध्याकाळी हात धुतल्या धुतल्या मलम लावा.”

“संध्याकाळी भाकरी असतात,” त्या म्हणाल्या. ज्वारीचं पीठ, त्यात आधणाचं पाणी, आणि मग दहा-बारा भाकरी. मी काय बोलणार?

थोडं थांबून त्याच म्हणाल्या, “भाकरी झाल्यावर लावते.”