हिरवा दिवा आणि हरवलेला रफार



आपल्या कार्यक्रमाच्या निर्मात्या ताईंनी मला विचारलं, "तू ऑफिसात नेमकं काय करतोस ते दहा मिनिटांत सांगशील का? 'आयटी कन्सल्टंट' म्हटलं की आम्हाला काहीच कळत नाही." खरं सांगायचं तर माझ्या आईलाही कळत नाही. तेव्हा आज प्रयत्न करतो. आणि त्यातच माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे, कारण तिचा संबंध आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाशी आहे.

गेली काही वर्षं मी इथल्या, न्यू जर्सीतल्या, छापखान्यांसाठी काम करतो. शाई आणि कागदाचं नाही, त्याआधीचं. तुम्ही लग्नाची पत्रिका किंवा स्मरणिका पीडीएफ करून छापखान्याला पाठवता. ती फाइल आणि छपाईचं मशीन यांच्यामध्ये जो टप्पा असतो, त्याला प्रीप्रेस म्हणतात. तिथे बसलेला माणूस फाइल तपासतो आणि दुरुस्त करतो. विमान उडण्याआधी वैमानिक यादी घेऊन सगळं तपासतो ना, त्यावरून या तपासणीला नावही 'प्रीफ्लाइट' असंच पडलं आहे.

दुरुस्त काय करायचं असतं? चार उदाहरणं देतो.

पहिलं, ब्लीड. पानाच्या कडेपर्यंत रंग हवा असेल, तर चित्र कडेच्या बाहेर थोडं वाढवावं लागतं. अमेरिकेत एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर. नाहीतर कटिंगमध्ये केसभर फरक पडला की पांढरी रेघ दिसते.

दुसरं, रंग. आपला स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा असा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. छपाई होते निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांत. स्क्रीनवरचा काळा मजकूर तसाच रूपांतरित केला, तर बारीक अक्षरं एका काळ्या शाईऐवजी चार शायांत छापली जातात. त्या चार शाया जराशा सरकल्या तरी अक्षराभोवती रंगीत सावली येते.

तिसरं, फोटो. छपाईला इंचामागे साधारण 300 पिक्सेल लागतात. म्हणजे 600 पिक्सेल रुंदीचा फोटो नीट छापायचा तर तो दोनच इंच रुंद येणार. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आजोबांचा फोटो पूर्ण पानभर लावला की तो अस्पष्ट का येतो, ते आता कळलं असेल.

आणि चौथं, फॉन्ट. फाइलमध्ये वापरलेला फॉन्ट फाइलच्या आत जोडलेला असला पाहिजे. नसला, तर पुढचं सॉफ्टवेअर आपल्याकडचा दुसरा फॉन्ट लावतं.

हे सगळं हाताने करायचं तर एकेका फाइलला बराच वेळ जातो. म्हणून ते सॉफ्टवेअरकडून करून घेतात. एन्फोकसचं पिटस्टॉप, कॅलासचं पीडीएफटूलबॉक्स अशी साधनं त्यासाठी आहेत. तुम्ही नियम लिहून ठेवायचे: ब्लीड नसेल तर कडेचं चित्र वाढव, काळा मजकूर एकाच शाईत आण, फॉन्ट नसेल तर जोड. मग फाइल एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकली की ती आपोआप तपासली जाते, दुरुस्त होते आणि दुसऱ्या फोल्डरमधून बाहेर पडते. सगळं ठीक असलं तर हिरवी खूण, नसलं तर लाल. छपाईच्या पीडीएफसाठी पीडीएफ/एक्स नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्यांतलं पहिलं 2001 साली आलं. फॉन्ट फाइलमध्ये असलाच पाहिजे, ही त्यातली एक अट.

अशीच व्यवस्था मी एका छापखान्यात बसवली. त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. तिथे प्रीप्रेसला एक वयस्क गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. मी दोन आठवडे त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या कामाची नोंद केली. कुठली दुरुस्ती, किती वेळ, किती वेळा. एमबीएला हेच तर शिकवतात. माझ्या तक्त्यात एक ओळ होती: 'ग्राहकाला फोन.' हे गृहस्थ फार फोन करत. "या पानावरचा फोटो लहान आहे, चालेल का?" "हा फॉन्ट आमच्याकडे नाही, पाठवता का?" मी त्या ओळीपुढे लिहिलं, 'टाळता येण्याजोगा वेळ.' आणि खरोखरच तो टाळला. नवी व्यवस्था सुरू झाल्यावर फोन जवळपास बंद झाले. मालक खूश झाले आणि मीही खूश झालो.

त्याच वर्षी मंडळाचा दिवाळी अंक मी याच छापखान्यात नेला. अंकाची मुख्य फाइल आपल्याच एका स्वयंसेवकाने नीट केली होती. पण एक पान वेगळं आलं. श्रद्धांजलीचं. मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्याचं त्या वर्षी निधन झालं होतं. त्यांच्या घरच्यांनी ते पान पुण्यात एका ओळखीच्या डिझायनरकडून करून घेतलं होतं, युनिकोडच्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये.

ही जुनी पद्धत समजून घ्यायला हवी. देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतःची जागा 1991 पासून आहे. पण त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, मराठी फॉन्ट बनत ते इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून. एका जागी काना, एका जागी अर्धा 'स', एका जागी नुसता रफार, आणखी एका जागी रफारासकट वेलांटी. कुठला तुकडा कुठे, हे प्रत्येक फॉन्ट कंपनीचं वेगळं. कधी कधी एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांतही फरक.

त्या पानात फॉन्ट जोडलेला नव्हता. छापखान्याच्या सर्व्हरवर, कुठल्याशा जुन्या कामातून आलेला, त्याच नावाचा फॉन्ट पडून होता. आवृत्ती मात्र वेगळी. माझ्या नियमाने तो उचलला आणि जोडला. भलताच इंग्रजी फॉन्ट लागला असता तर पानभर अगम्य चिन्हं दिसली असती आणि कुणीही ओरडलं असतं. इथे मात्र सगळं मराठीच दिसत होतं. फक्त जिथे रफारासकट वेलांटी होती, तिथे या आवृत्तीत नुसती वेलांटी होती. मानकाने विचारलं, फॉन्ट आहे का? आहे. हिरवी खूण.

आणि तो रफार होता दिवंगत गृहस्थांच्या आडनावात. आडनाव सांगत नाही. पण 'कर्णिक'चं 'कणिक' व्हावं, तशातला प्रकार. पानाच्या मधोमध, फोटोच्या खाली, मोठ्या अक्षरांत.

अंक छापून आला, दिवाळीच्या कार्यक्रमात वाटला गेला. रात्री मला काकूंचा फोन आला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गावी सासूबाईंना एक प्रत पाठवायची आहे रे. आडनाव नीट करून एक तरी देशील का?"

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जाऊन नोंदी काढल्या तेव्हा नियम सापडला. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. दुरुस्तीनंतरची प्रत मंजुरीसाठी ईमेलवर माझ्याकडेच आली होती. मी ती उघडली होती. फोटो स्वच्छ, समास बरोबर, वरती हिरवी खूण. मी 'अप्रूव्ह' दाबलं होतं. वाचलं नव्हतं.

प्रीप्रेसचे ते गृहस्थ तेव्हा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मला तुमची लिपी येत नाही. म्हणूनच अशी फाइल आली आणि फॉन्ट नसला की मी आधी फोन करायचो."

मंडळी, माझ्या तक्त्यातला 'टाळता येण्याजोगा वेळ' तो हाच.

ते पान ज्या कागदावर होतं तो कागद आम्ही पुन्हा छापला आणि उरलेल्या प्रतींना लावला. सुधारलेल्या प्रती घेऊन मी काकूंकडे गेलो, सगळं समजावून सांगितलं. फॉन्ट, आवृत्ती, नियम. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "अरे, मशीनला मराठी येत नाही हे कळतं मला. पण तुला येतं ना रे?"

त्यावर मला उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी नियमांची फेरमांडणी केली. आता तीन गट आहेत. पहिला, गुपचूप दुरुस्त करायच्या गोष्टी: रंगाचं रूपांतर, काळा मजकूर एका शाईत आणणं. यात अर्थ बदलत नाही. दुसरा, दुरुस्त करून कळवायच्या गोष्टी: वाढवलेलं ब्लीड, जाड केलेल्या बारीक रेघा. आणि तिसरा, थांबून विचारायच्या गोष्टी: न जोडलेला फॉन्ट, कमी पिक्सेलचा फोटो. तिथे फाइल पुढे जातच नाही. लाल खूण येते आणि कुणीतरी फोन उचलतो. वेळ थोडा जास्त जातो. मालकांना मी तो खर्च म्हणूनच दाखवला, आणि का करायचा तेही सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

जुन्या छापखान्यांत खिळे जुळवणारा जुळारी वेगळा आणि मुद्रितशोधक वेगळा असे. 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपले अंक अशाच हातांखालून गेले. जुळाऱ्याचं काम आता यंत्र करतं, छान करतं. पण मुद्रितशोधकाची खुर्ची आपण रिकामी ठेवली, आणि ती रिकामी आहे हे लक्षातही आलं नाही.

आता स्मरणिकांचा, पत्रिकांचा हंगाम येतोय. जाता जाता थोडं सांगतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. इनडिझाइन वापरत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. पीडीएफ करताना पीडीएफ/एक्स-4 निवडा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नको, मूळ फाइल मागवा. आणि मंजुरीची प्रत आली की ती कागदावर काढून दोघांनी वाचा: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवून. नावं तर अक्षर अन् अक्षर. घरात मराठी शिकणारी मुलं असतील तर त्यांना बसवा या कामाला. ती अंदाजाने पुढे जात नाहीत, एकेक अक्षर लावून वाचतात. आमच्या अंकाचं मुद्रितशोधन आता माझी तेरा वर्षांची मुलगी आणि त्याच काकू मिळून करतात.