किट्टेल : एका आडनावाची धारवाडातील वस्ती



आडनावांवर बोलायचे तर कुलकर्ण्यांपासून सुरुवात करावी, '-कर' या प्रत्ययापाशी थोडे थांबावे आणि चारदोन गमतीदार आडनावांनी श्रोत्यांना हसवून खाली बसावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज मी जरा आडवाटेने जाणार आहे. माझ्या बोलण्याची सुरुवात एका जर्मन आडनावापासून आहे. ते आडनाव म्हणजे किट्टेल.

धारवाडात हे नाव कुणाला परके वाटत नाही. किट्टेल यांच्या नावाचे महाविद्यालय इथे आहे. कन्नडचा विद्यार्थी एखाद्या शब्दावर अडला की 'किट्टेल बघ' असे त्याला सांगितले जाते. भौतिकशास्त्राच्या विभागात गेलात तर तिथेही 'किट्टेल' आहेच. पण तो वेगळा. घनपदार्थांच्या भौतिकीवरचे चार्ल्स किट्टेल या अमेरिकी शास्त्रज्ञाचे पाठ्यपुस्तक १९५३ साली निघाले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. बायबलच्या हिब्रू संहितेचा अभ्यास करणाऱ्यांना तिसरा किट्टेल ठाऊक असतो, तो रुडॉल्फ किट्टेल. सायकल शर्यतींचे शौकीन मार्सेल किट्टेलचे नाव सांगतील. चौघांचे आडनाव एक, क्षेत्रे चार. यांपैकी आपल्या कामाचा तो पहिला, कोशकार फर्डिनांड किट्टेल.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. जर्मन भाषेत 'किट्टेल' म्हणजे अंगावर चढवायचा सैलसर डगला. कामकरी माणूस कपडे मळू नयेत म्हणून वरून घालतो तो, किंवा डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले लोक घालतात तो पांढरा कोट. असा डगला शिवणाऱ्याला किंवा नेहमी तोच घालून हिंडणाऱ्याला लोक 'किट्टेल' म्हणू लागले आणि पुढे तेच घराण्याचे नाव झाले. धारवाडच्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. आमच्याकडे अक्की म्हणजे तांदूळ, बेल्लद म्हणजे गुळाचे, तुप्पद म्हणजे तुपाचे, मेणसिनकाई म्हणजे मिरची आणि उळ्ळागड्डी म्हणजे कांदा. ही सगळी इथल्या प्रतिष्ठित घराण्यांची आडनावे आहेत. माणूस ज्या वस्तूचा व्यवहार करतो ती वस्तूच त्याचे नाव होते. डगल्याचे किट्टेल आणि गुळाचे बेल्लद यांची घडण एकाच जातीची आहे.

जर्मन आडनावांचे अभ्यासक त्यांचे ढोबळमानाने चार उगम सांगतात : गाव किंवा प्रदेश, धंदा, बापाचे नाव आणि टोपणनाव. म्युलर हे जर्मनीतले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. त्याचा अर्थ पिठाची गिरणी चालवणारा. मॅक्स म्युलरमुळे ते आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. हेसे म्हणजे हेसेन प्रांतातला. आपल्याकडेही याच चार वाटा आहेत. धंदा किंवा वतन सांगणारे जोशी, कुलकर्णी, देशपांडे. गाव सांगणारे '-कर'. स्वभाव सांगणारे गोडबोले. कन्नडमध्ये कंबार लोहार आहे आणि बडिगेर सुतार आहे. या बाबतीत माणसे जगभर सारखीच वागलेली दिसतात.

आता मोजदादीकडे वळतो. एखादे आडनाव किती दुर्मीळ, ते कुठे दाट आणि कुठे विरळ, हे पाहण्याचे शास्त्र जर्मनीत चांगले वाढले आहे. तिथल्या अभ्यासकांनी २००५ सालच्या दूरध्वनी-जोडण्यांची यादी घेऊन आडनावांचे नकाशे तयार केले आणि त्यांचे खंड २००९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. कोणता प्रत्यय कोणत्या प्रांतात, एकाच नावाचे लेखन उत्तरेत कसे आणि दक्षिणेत कसे, हे त्या नकाशांवरून नजरेत भरते. काम मोठे आहे आणि भाषेच्या अभ्यासकाने हेवा करावा असे आहे.

तरी अशा नकाशापुढे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. घरातला दूरध्वनी एकाच्या नावावर असतो. बाकीची माणसे त्या यादीत येत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९४५ नंतर सायलेशियासारख्या पूर्वेकडच्या मुलखातून लक्षावधी जर्मनांना बाहेर काढले गेले. ती कुटुंबे पश्चिमेकडे जिथे जागा मिळाली तिथे वसली. त्यांची आडनावेही त्यांच्याबरोबर गेली. आज एखादे नाव एखाद्या गावात सापडते म्हणून ते तिथले मूळचे ठरत नाही. नकाशावरचा ठिपका माणूस कुठे पोचला ते सांगतो. तो कसा पोचला, हे इतिहासालाच विचारावे लागते.

खुद्द फर्डिनांड किट्टेलचेच पाहा. त्याचा जन्म ७ एप्रिल १८३२ रोजी रेस्टरहाफे या गावी झाला. हे गाव जर्मनीच्या वायव्य टोकाला, पूर्व फ्रिसलंडमध्ये आहे. या भागात पिढीजात आडनावाची चाल फार उशिरा आली. मुलाने बापाचे नाव लावायचे, नातवाने पुन्हा आपल्या बापाचे, अशी जुनी रीत होती. नेपोलियनच्या अमलात, १८११ साली, प्रत्येकाने कायमचे आडनाव घ्यावे असा हुकूम निघाला. म्हणून त्या भागात यान्सेनसारखी, बापाच्या नावावरून आलेली आडनावे दाट आहेत. त्यांच्यात डगल्याचे किट्टेल हे नाव बाहेरचेच दिसते. फर्डिनांडचे वडील धर्मोपदेशक होते. म्हणजे धारवाडला येण्यापूर्वी, स्वतःच्या जन्मगावीही हे आडनाव पाहुणेच होते.

१८५३ साली तो बासेल मिशनकडून भारतात आला. या मिशनने धारवाडला १८३७ साली आणि हुबळीला १८३९ साली ठाणे उघडले होते. धारवाड, मंगळूर, मडिकेरी इथे राहून किट्टेलने कन्नड आत्मसात केली. केशिराजाचा 'शब्दमणिदर्पण' हा जुना व्याकरणग्रंथ आणि नागवर्म्याचा 'छंदोंबुधी' त्याने संपादून छापले. १८९४ साली मंगळूरला त्याचा कन्नड-इंग्रजी कोश निघाला. सतराशेंहून अधिक पाने आणि सुमारे ७०,००० शब्द. ग्रंथांतले शब्द त्यात आहेत, बोलीतले आहेत, म्हणी आहेत. मराठीतून आणि हिंदुस्थानीतून कन्नडात आलेले शब्दही तसे नोंदवून ठेवले आहेत. आमच्या भागात दोन भाषा एकमेकींच्या घरात किती सहज जात-येत होत्या, याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा पुरावाच आहे. १८९६ साली ट्युबिंगेन विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९०३ साली कन्नडचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला.

मराठी वाचकाला या चरित्राशी जुळणारे दुसरे चरित्र लगेच आठवेल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली. मोल्सवर्थ हे मूळचे इंग्लंडमधल्या एका खेड्याचे नाव. त्यातल्या 'वर्थ'चा जुना अर्थ कुंपण घातलेली वस्ती, म्हणजे आपली वाडीच. आपल्या रीतीने म्हटले तर तो कुठल्याशा वाडीचा 'वाडीकर' होता. मल्याळीत हेच स्थान हेरमान गुंडर्टचे आहे. त्याचा मल्याळम कोश १८७२ साली आला. किट्टेल, मोल्सवर्थ आणि गुंडर्ट, ही तीनही आडनावे आपापल्या भाषेत जवळजवळ सामान्यनामे झाली आहेत. 'मोल्सवर्थमध्ये हा शब्द आहे का?' असे आपण विचारतो तेव्हा माणसाबद्दल विचारत नसतो, कोशाबद्दल विचारत असतो. कोणत्याही दूरध्वनी-यादीत आडनावाची ही वारंवारिता मोजता येत नाही.

गुंडर्टच्या घराण्यातून आणखी एक गोष्ट शिकता येते. त्याची मुलगी मारी हिचा जन्म केरळात तलश्शेरीला १८४२ साली झाला. तिचा मुलगा म्हणजे 'सिद्धार्थ' लिहिणारा हेरमान हेसे. आजोबांचे पाळण्यातले नाव नातवाकडे आले, आडनाव मात्र आले नाही. कारण आडनाव बापाकडून येते. भारताची ओढ आईच्या घराण्यातूनही आली, आणि यादीत तिचा मागमूस नाही. आडनावांच्या मोजदादीत प्रत्येक पिढीला अर्धे घराणे, म्हणजे आईकडचे, अदृश्य होते.

हे सारे मी धारवाडहून येऊन आपल्यापुढे का मांडते आहे? सीमाभागात आडनाव ही निव्वळ कुतूहलाची बाब राहत नाही. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. नंतर राज्य बदलले, माणसे तिथेच राहिली. तेव्हापासून आडनावांच्या याद्या दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून पुढे केल्या जातात. 'इतके देशपांडे, इतके पाटील, म्हणजे हे गाव मराठी', असे एक म्हणतो. 'हे सगळे घरात कन्नड बोलतात', असे दुसरा म्हणतो. शाळेत मुलाचे नाव घालताना आडनाव पाहून मातृभाषेचा रकाना भरण्याची सवयही काही ठिकाणी दिसते. आणि आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा जात काढण्याचा हेतू असतो, हे तर आपण सगळे जाणतो.

वस्तुतः कुलकर्णी, देसाई, देशपांडे, पाटील ही दख्खनच्या महसुली कारभारातली पदे आहेत. कारभार दोन्ही भाषांवर चालला, म्हणून आडनावेही दोन्हीकडे राहिली. धारवाडचा एक कुलकर्णी घरात कन्नड बोलेल. दुसरे कुलकर्णी, म्हणजे जी. ए., याच गावात इंग्रजी शिकवून मराठी कथा लिहितील. आडनावावरून भाषा ओळखायला गेलेला माणूस इथे पहिल्याच वळणावर चुकतो.

गावांच्या नावांचे तसेच. मराठी माणूस गावाला '-कर' जोडतो. कन्नड माणूस बहुधा गावाचे नुसते नाव लावतो. मल्लिकार्जुन मन्सूर हे धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, गंगूबाई हनगल यांच्या नावातले हनगल हेही गावच. पण सवाई गंधर्वांचे काय झाले पाहा. आडनाव सौंशी, हेही एका खेड्याचेच नाव. गाव कुंदगोळ. मराठी रंगभूमीवर ते आले आणि रामभाऊ कुंदगोळकर झाले. मराठीने त्यांना प्रेमाने आपला प्रत्यय लावला. यादीत 'कुंदगोळकर' वाचून कुणी मराठी घराण्याची नोंद करील आणि 'सौंशी' वाचून कन्नड घराण्याची. माणूस एकच आहे आणि गळाही एकच आहे.

आपल्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या नेमकी आहे : लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती भाषा. आडनाव बापाचे आणि भाषा आईची, हा भेद सरकारी कागदानेही मान्य केलेला आहे. मग एकावरून दुसरे काढायचा हट्ट आपण का धरावा?

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे उदाहरण देऊन मी थांबते. जन्म धारवाडचा, १८९६ सालचा. घराणे मराठी भाषक, आडनाव ठसठशीत मराठी. ते मराठीतही लिहीत. पण कन्नड कवितेत त्यांची जागा अशी आहे की, त्यांना वगळून विसाव्या शतकातल्या कन्नड कवितेचा इतिहास लिहिता येणार नाही. 'नाकु तंति' या संग्रहासाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. या कवीने कवितेसाठी नाव घेतले ते 'अंबिकातनयदत्त', अंबिकेचा मुलगा दत्त. बापाकडून आलेले आडनाव बाजूला ठेवून त्याने आईचे नाव पुढे केले.

इथे बसलेल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. आपापल्या गावातली आडनावे जरूर गोळा करा. प्रत्येक आडनाव घरात कसे उच्चारतात, दाखल्यावर कसे लिहितात, कन्नड आणि मराठी लेखनात काय फरक पडतो, घरातली वडीलधारी माणसे त्याची कोणती कथा सांगतात, हे टिपून घ्या. आजीचे माहेरचे आडनाव विचारायला विसरू नका. यादीत नसलेले अर्धे घराणे तिथेच सापडते. जातीचा रकाना ठेवू नका. भाषेचा रकाना ठेवायचा असेल तर तो आडनाव पाहून भरू नका, त्या माणसालाच विचारा.

आडनाव आपल्याला माणूस कुठून निघाला ते सांगते, आणि तेही अर्धेच. त्याने कोणत्या भाषेत आयुष्य घातले, हे त्याच्या कामावरून पाहावे लागते. डगल्याचे नाव लावणारा एक माणूस फ्रिसलंडच्या किनाऱ्यावरून आला आणि कन्नडचा झाला. मराठी नाव लावणारा एक कवी धारवाडात जन्मला आणि तोही कन्नडचा झाला, मराठीला न सोडता. सीमेवर राहून भाषा शिकवणाऱ्या आम्हा लोकांना या दोघांचा फार मोठा आधार आहे.