पाच नद्यांची सायकलवाट



तंजावरहून तिरुवैयारू सुमारे १३ किलोमीटर. वाटेत वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच नद्या लागतात. मोटारीतून त्यांचे पूल क्षणात मागे पडतात. पहाटे भातखाचरांमधल्या गाववाटांनी निघालेल्या सायकलस्वाराला मात्र प्रत्येक नदी निवांत भेटते. पैलतीरी त्यागराजांची समाधी आहे.

परतल्यावर बृहदीश्वराच्या मंदिरात जावे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तेथील भिंतीवर मराठीत कोरविला. तंजावरच्या अनेक मराठी घरांत आज भाषा बोलण्यापुरती उरली आहे. मुले शाळेत तमिळ शिकतात. ती देवनागरी अक्षरे ओळखणारी मुले आपल्या शाळेत आहेत. त्यांना एकदा ती वाट आणि ती भिंत दाखवावी. वाचणारे डोळे नसतील, तर शिलालेखही मुका होतो.