बिग बँडवाल्यांच्या गोष्टी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. छंदावर बोल आणि लवकर आटप." माझा छंद म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या बिग बँडचं संगीत. आणि त्या बँडमधल्या वादकांनी आपल्या प्रमुखांबद्दल सांगितलेल्या गोष्टींचा तर मला नादच आहे.

बिग बँड कसा वाजतो हे कळायला १९५१ चा 'अलबेला' आठवा. भगवानदादा नाचताहेत आणि मागे ट्रम्पेट कडाडताहेत. सी. रामचंद्रांच्या त्या संगीताला चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाची साथ होती. मूळ अमेरिकेत असा बँड म्हणजे साधारण पंधरा माणसं: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, पियानो, ड्रम. एका बसमधून गावोगाव फिरायचं आणि रात्री वाजवायचं. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांसारखंच. त्यामुळे गोष्टींना तोटा नाही.

बेनी गुडमन हे त्यातलं मोठं नाव. क्लॅरिनेट असा वाजवायचा की त्याला स्विंगचा राजा म्हणत. पण कुणी चुकलं की चष्म्यातून नुसता रोखून बघायचा. वादकांनी त्या नजरेला 'रे', म्हणजे किरण, असं नावच ठेवलं होतं. एकदा म्हणे तालमीच्या खोलीत कडाक्याची थंडी होती. कुणीतरी तसं सांगितलं. "खरंच की," असं म्हणून गुडमन बाहेर गेला. सगळ्यांना वाटलं, हीटरची सोय होणार. तो परत आला तो अंगात स्वेटर घालून, आणि तालीम पुढे सुरू!

दुसरी गोष्ट आपल्या वर्गात शोभेल अशी आहे. १९४१ मध्ये कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये कार्यक्रमात कुणीतरी थुंकी लावून कागदाची गोळी भिरकावली. कॅलोवेने खोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तरुण डिझी गिलेस्पीला धरलं. शब्दाने शब्द वाढला, झटापट झाली, चाकू निघाला, कॅलोवेला जखम झाली आणि डिझीची नोकरी गेली. गोळी मारली होती जोना जोन्स या दुसऱ्याच ट्रम्पेटवाल्याने. मागच्या बाकावरच्या मंडळींना हा न्याय ओळखीचा वाटेल.

माझा सगळ्यात आवडता मात्र ड्यूक एलिंग्टन. इतर बँडमध्ये स्वरलिपीच्या कागदावर 'पहिला ट्रम्पेट', 'दुसरा ट्रम्पेट' असं लिहिलेलं असे. एलिंग्टन तिथे वादकाचं नाव लिहायचा. कारण तो वाद्यासाठी नव्हे, त्या माणसासाठी लिहायचा.

१९२९ मध्ये त्याने कूटी विल्यम्सला घेतलं, बबर मायली गेला होता त्याच्या जागी. मायली ट्रम्पेटच्या तोंडावर रबरी झाकण धरून गुरगुरल्यासारखा आवाज काढायचा. बँडमधला ट्रॉम्बोनवाला नॅन्टनही तसाच. तो आवाज ऐकून कूटीला हसू यायचं. एलिंग्टन त्याला एका शब्दाने बोलला नाही. मग एक दिवस कूटीच्या डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला मायलीच्या जागी घेतलंय. तो स्वतःहून शिकला आणि त्या आवाजाचा बादशहा झाला. १९४० मध्ये एलिंग्टनने त्याच्यासाठी खास रचना केली, 'कॉन्चेर्टो फॉर कूटी'.

त्याच वर्षी कूटीला गुडमनचं बोलावणं आलं, जास्त पैशांचं. हो, तोच स्वेटरवाला गुडमन! एलिंग्टन रागावला नाही. उलट पगार नीट ठरवून घ्यायला त्यानेच मदत केली. वर्षभराने कूटी परत यायला निघाला, तर एलिंग्टन म्हणाला, आता तुझं नाव झालंय, स्वतःचा बँड काढ. कूटीने तो काढला. शेवटी तो परतला १९६२ मध्ये, बावीस वर्षांनी. त्याची खुर्ची त्याला मिळाली आणि १९७४ मध्ये एलिंग्टन वारला तेव्हाही तो त्याच बँडमध्ये होता.

कॉम्प्युटरवर बोलणार नाही म्हटलं, पण एकच वाक्य बोलते. आमच्या क्षेत्रात माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. "मला दोन रिसोर्स हवेत," असं बोलतात. राजीनामा आला की त्या माणसाशी बोलणं टाकणारे साहेबही मी पाहिलेत. मी स्वतः टीम सांभाळायला लागले तेव्हापासून कुणी सोडून जायला निघालं की मला कूटी आठवतो. चांगला माणूस जाताना पोटात दुखतंच. तरी त्याचा नवा पगार नीट ठरलाय ना, एवढं मी विचारते.

आणि सर, बाई, हे मी एलिंग्टनकडून शिकले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. साठ मुलांच्या वर्गात कुणाचं अक्षर चांगलं म्हणून फळ्यावरचा सुविचार त्याचा, कुणाचा आवाज खणखणीत म्हणून प्रतिज्ञा तिची, कुणाला एका जागी बसवत नाही म्हणून घंटा त्याच्याकडे, अशी कामं तुम्ही नावानिशी वाटली होती. हजेरीपटावर नंबर होते, पण तुम्ही हाक नावाने मारलीत. मग आम्हाला जाऊ दिलंत. आज इतक्या वर्षांनी आम्ही परत आलो, तर आमच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत.

जेवण गार होतंय, इथेच थांबते.