औषध पाजलं, तरी मेंढी का खंगते?



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या तीन मेंढ्या गेल्या. कर्ज काढून घेतलेल्या. ताई म्हणाल्या, "अगं, जंताचं औषध वेळच्या वेळी पाजत होते की!" मी गप्प झाले. सगळ्या कळपाला ठरल्या तारखेला पाजा, असं गटात मीच सांगितलं होतं. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन समजून घेतलं. तेच आज सांगते.

पावसाळ्यात मेंढीच्या पोटात एक बारीक जंत वाढतो. तो रक्त पितो. त्याची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. लेंडीतून ती रानात पडतात. अळ्या होऊन गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात.

औषधानं बहुतेक जंत मरतात. जे दाद देत नाहीत ते उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. सगळ्या कळपाला सारखं तेच औषध, तेही अंदाजानं कमी पाजलं, की पुढं ते लागूच पडत नाही.

म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच उलटून बघा. आतून लाल असेल तर ठीक. फिकट, पांढरट दिसली किंवा जबड्याखाली सूज आली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दक्षिण आफ्रिकेत ही पद्धत रंगांच्या तक्त्यासह बसवली गेली.

धडधाकट मेंढीला उगाच पाजू नका. तिच्या लेंडीतून औषधानं मरणाऱ्या जंतांची अंडीही रानात पडतात, त्यामुळे हट्टी जंतांचंच राज्य होत नाही.

औषध वजन करूनच द्या. गटानं मिळून एक काटा घ्यावा. शेळीला मेंढीची मात्रा पुरत नाही आणि गाभण मेंढीला काही औषधं चालत नाहीत, तेव्हा आधी विचारा. पाजल्यावर १० ते १४ दिवसांनी लेंडी तपासून घ्या. अंडी फारशी घटली नसतील, तर डॉक्टर औषध बदलून देतील. बाजारातून आणलेली मेंढीसुद्धा लेंडी तपासल्याशिवाय कळपात सोडू नका.

ताई अजून त्या कर्जाचे हप्ते भरतायत. पण आता मेंढ्या रानात सोडण्याआधी त्या एकेकीची पापणी बघतात. उद्या सकाळी तुम्हीही बघा.